मदत हवी आहे: इन्स्ट्रुमेंट एअरचे (व्हॉल्व्ह आणि नियंत्रण-उपकरणे चालवणाऱ्या कोरड्या, स्वच्छ दाबहवेचे) नमुने नेमके कुठून घ्यावेत?

अमेरिकन अणुवीज केंद्रांना १९८८ साली एनआरसीने (तिथल्या अणु-नियामक आयोगाने) जेनेरिक लेटर ८८-१४ हे परिपत्रक पाठवले. हवेची प्रत्यक्ष गुणवत्ता उपकरण-उत्पादकाच्या शिफारशीशी जुळते हे चाचणीने पडताळा, आणि हवेचा पुरवठा तुटल्यावर सुरक्षा-व्हॉल्व्ह अपेक्षित स्थितीत जातात हेही तपासा, असे त्यात आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रातल्या १९७९च्या अणु-अपघाताची सुरुवातही हवेच्या लाइनीत शिरलेल्या पाण्याशीच जोडली जाते.

आता अडचण. हवा सुकवणाऱ्या ड्रायरच्या तोंडाशी ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतली वाफ साकळू लागते ते) उत्तम येतो, तरी लाइनीच्या टोकाला सोलेनॉइड (विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) चिकटतात आणि पांढरी भुकटी सापडते. डेसिकंटची (ड्रायरमधल्या ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची) असावी, म्हणजे ड्रायरनंतरचा आफ्टरफिल्टर फाटलाय किंवा त्याचा बायपास गळतोय. तर:

नमुना फक्त हेडरवर (मुख्य नळीवर) घ्यायचा की सर्वांत लांबच्या आणि सर्वांत खालच्या ड्रिपलेगवरही (पाणी साठवणाऱ्या खालच्या फाट्यावरही)? तिथे आयसोकायनेटिक प्रोब (प्रवाहाच्याच वेगाने नमुना ओढणारी नळी) कुणी वापरला आहे का? आयएसए या अमेरिकन उपकरण-संस्थेच्या जुन्या मानकात कणांच्या आकाराची मर्यादा ३ मायक्रॉन, १९९६च्या मानकात ४०. दाब-रेग्युलेटरचा ऑरिफिस (आतले छिद्र) बारीक असेल तर तुम्ही कोणती मर्यादा धरता?

उत्तर देताना ड्यू पॉइंट कोणत्या दाबाचा ते जरूर लिहा. वातावरणीय दाबाला उणे ४० अंश सेल्सियस म्हणजे ७ बार गेजला (वातावरणापेक्षा ७ बार जास्त दाबाला) जेमतेम उणे २०. इथेच बहुतेकांची गल्लत होते.