शटर एका बाजूने जड झालंय, खांद्यापाशी येऊन अडकतं. स्प्रिंग गेली का?

दुकानवाला
नमस्कार मंडळी. दुकानाचं शटर आहे, हाताने वर ढकलायचं साधं, मोटर वगैरे काही नाही, रुंदी ९ फूट. दोनेक महिन्यांपासून हळूहळू जड होत चाललं होतं, पण परवा सकाळी वरच्या पेटीत काहीतरी ठण्णकन वाजलं आणि तेव्हापासून डावी बाजू मागे राहते, उजवी पुढे जाते आणि खांद्याच्या उंचीला आलं की तिरकं होऊन घट्ट बसतं. वडील रोज सकाळी उघडतात, सत्तरीचे आहेत, काल जोर लावला आणि त्यांच्या पाठीत उसण भरली. ऑइल दोनदा सोडलं, काही फरक नाही. खालची कडीपण आता भोकात जात नाही, म्हणून भोक कानशीने मोठं करायला घेतलंय. कोणी म्हणतं गाईड (बाजूची उभी पन्हळ, जिच्यात शटर सरकतं) वाकलाय, कोणी म्हणतं स्प्रिंग गेली, एक जण तर म्हणाला अख्खं शटरच बदला. माझ्याकडे पाना आहे, वर चढून, शटर ज्याच्यावर गुंडाळतं त्या पाइपाचे बोल्ट ढिले करून आत बघू का?

शटर कारागीर
दादा, त्या बोल्टांना हात लावू नका. तो पाइप ब्रॅकेटमध्ये बोल्टांनीच आवळून धरलेला असतो आणि त्याच्यावर स्प्रिंगांचा पीळ असतो. शटर वर गुंडाळलेलं असलं तरी थोडा पीळ राहतोच, खाली ओढलेलं असलं की सगळ्यात जास्त. बोल्ट ढिला झाला की पाइप गर्रकन फिरतो आणि पान्यासकट हात घेऊन जातो. मनगट मोडलेली माणसं बघितलीत मी, त्यात जुने मिस्त्रीही होते.

आता तुमचं दुखणं. साध्या शटरचं वजन तुम्ही उचलत नसता, स्प्रिंगा उचलतात. खाली ओढलं की स्प्रिंगांना पीळ बसतो, वर ढकललं की तोच पीळ मदत करतो. तुमच्या रुंदीला एकापेक्षा जास्त स्प्रिंगा असणार. दोन महिने हळूहळू जड होणं म्हणजे स्प्रिंगा थकत आल्या होत्या, आणि तो ठण्ण आवाज म्हणजे बहुतेक डाव्या बाजूची तुटली. आता उजवीकडची आपली बाजू ओढतेय, डावी नुसती लटकलीय, म्हणून तिरकं होतं आणि गाईडमध्ये आडवं बसतं.

खात्री करायची असेल तर दोघं जण दोन बाजूंना धरा, खाली कोणी उभं राहू नका, कंबरेएवढं उचला आणि हाताचा जोर हळूहळू कमी करा, एकदम सोडू नका. चांगलं शटर तिथल्या तिथे थांबतं. दोन्ही बाजूंनी सारखं खाली बसायला लागलं तर पीळ कमी झालाय, आंटे भरून घेतले की काम होतं. आपोआप वर पळत असेल आणि शेवटचं वीतभर खाली ओढताना लटकावं लागत असेल तर पीळ जास्त भरलाय. एकच बाजू बसत असेल तर तुटलीय. मग शटर वर असताना लांबून बॅटरी मारून बघा, तुटलेल्या स्प्रिंगेत दोन वेढ्यांमध्ये फट दिसते, बाकीचे वेढे चिकटून असतात. कधीकधी शटर हलवताना आत तुकडा खुळखुळतो.

आणि बदलताना एकच बदलू नका. नवी जोरात ओढणार, जुनी ढिली, म्हणजे सहा महिन्यांत पुन्हा तिरकं. सगळ्या एकाच जाडीच्या तारेच्या घ्या.

कानस ठेवून द्या. भोक जागेवरच आहे, शटर तिरकं आल्यामुळे कडी सरकलीय. शटर सरळ झालं की ती आपसूक बसेल आणि मोठ्या केलेल्या भोकात मग खुळखुळत राहील.

जुनी गिऱ्हाईक
वरचं सगळं बरोबर आहे, पण ऑइलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. भाऊ, गाईडमध्ये जाड ऑइल किंवा ग्रीस घालू नका, रस्त्याची धूळ त्यात बसून चिखल होतो आणि शटर आणखी जड जातं. आमच्याकडे पाच वर्षं हेच चाललं होतं, जड झालं की ऑइल, आणि ऑइलने परत जड. शेवटी पत्र्याच्या पट्टीने दोन्ही गाईड खरवडले तर ओंजळभर काळा लगदा निघाला. आता कोरड्या ब्रशने झाडायचं आणि सिलिकॉन स्प्रे मारायचा, नसेल तर मेणबत्ती चोळायची, बस. ग्रीस फक्त वरच्या बेअरिंगला, आणि तेही कारागिराकडून.

गाईड वाकलाय का ते बघायला मिस्त्री लागत नाही. शटर खाली असताना गाईडच्या कडेला वरून ओळंबा सोडा, दोरी कुठे टेकते आणि कुठे सुटते ते लगेच दिसतं. खालून हात-दोन हातांवर बघा, गाड्यांचा धक्का तिथेच बसतो. थोडा दबला असेल तर आत लाकडाचा ठोकळा घालून बाहेरून ठोकून सरळ होतो.

शटर कारागीर
ताई, ओळंब्याचं बरोबर. त्यात एक भर. गाईड सरळ आहे, स्प्रिंग ठीक आहे आणि तरी घासल्याचा कर्रकर्र आवाज येतोय तर पट्ट्यांची टोकं बघा. पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, आडव्या सरकू नयेत म्हणून टोकाला लोखंडी क्लिपा रिव्हेट केलेल्या असतात. क्लिप पडली की पट्टी बाजूला सरकून गाईडच्या तळाला घासते, तिथे चकचकीत रेघ पडलेली दिसेल. पट्टी जागेवर ठोकून नवी क्लिप लावली की झालं, छोटं काम आहे. पण लोक तसंच ओढत राहतात आणि मग पट्टीच फाटते.

गोडाऊन सांभाळणारा
याच धाग्यात विचारतो, आमचं मोटरचं आहे. बटण दाबलं की मोटर नुसती हुं हुं करते, शटर हलत नाही. काल तीन-चार वेळा वरखाली केल्यावर एकदम बंदच पडलं, अर्ध्या तासाने आपोआप चालू झालं, आणि आज ही तऱ्हा. मोटर जळली का?

वायरमन
जळालेली वाटत नाही. काल बंद पडलं ते मोटरच्या आतलं थर्मल कटआउट, या मोटरी सलग चालवायला नसतात, मोजकी मिनिटं चालल्या की तापून स्वतःच बंद होतात आणि गार झाल्या की सुरू. पण तापली का ते शोधा, शटर कुठे घासत असेल तर मोटर जास्त ओढते. म्हणजे वर ताईंनी लिहिलंय ते गाईड आधी बघा.

हुं हुं करून न फिरणं हे बहुतेक वेळा कपॅसिटरचं (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग) असतं, नाहीतर व्होल्टेज कमी येतंय, नाहीतर शटर अडकलंय. बटण दाबून धरू नका, तशीच वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) जळते. कपॅसिटर त्याच आकड्याचा घ्यायचा, आणि मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज असतो, म्हणून उघडायला वायरमनच बोलवा. तोवर हाताच्या साखळीने चालवून बघा, साखळीनेही जड जात असेल तर दोष शटरमध्ये आहे, हलकं जात असेल तर मोटरकडे.

भिंतीवरच्या बटणाने चालतं पण रिमोटने नाही, तर आधी रिमोटचा सेल. वर जाताना जास्त गुंडाळतं किंवा जमिनीच्या वीतभर आधीच थांबतं, तर लिमिट (शटर कुठे थांबायचं ती सेटिंग) सरकलीय, ती परत सेट होते, त्यासाठी नवी मोटर घेऊ नका.

दुकानवाला
सगळ्यांचे आभार, आणि काय निघालं ते सांगतो. भावाला घेऊन कंबरेएवढं उचलून बघितलं, डावी बाजू लगेच बसायला लागली. बॅटरी मारली तर डावीकडच्या स्प्रिंगेत बोटभर फट. पाना तसाच पिशवीत ठेवला आणि कारागीर बोलावला. त्याने सगळ्या स्प्रिंगा बदलल्या, आणि खालून सातव्या पट्टीची क्लिप गेलेली होती तीही बसवली. डाव्या गाईडमधून ताई म्हणाल्या तसाच लगदा निघाला, माझ्याच ऑइलचा. आता कंबरेपाशी सोडलं की शटर थांबतं आणि कडी भोकात बसते, जरा सैल, जेवढं कानसलं होतं तेवढी. वडिलांना डॉक्टरांनी आठवडाभर वजन उचलायला मनाई केलीय, पण आज संध्याकाळी ते खुर्ची घेऊन बाहेर बसले होते आणि बंद करायच्या वेळेला उठून एका हाताने शटर खाली घेतलं, मी नको नको म्हणेपर्यंत झालंसुद्धा.