पुनर्वसित गावांत जिव्हाळा कसा रुजतो

रस्ते, पाणी आणि वीज मिळाली की माणसे त्या जागेशी आपोआप जोडली जातात, हे मत मला अपुरे वाटते. सोयींचे मोल मी नाकारत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्यातला कोणीही विसरणार नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील जी ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे रुंद, सरळ रस्ते आखले गेले आणि कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे मिळाली; मात्र घराच्या आकारानुसार वस्ती विभागली गेल्यामुळे भावकी आणि जुना शेजार विखुरला, आणि ओट्यावर बसल्याबसल्या होणारी सहज विचारपूस दुरावली. जुन्या गावाचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण तिथल्या दगडमातीच्या जाड भिंतींखालीच हजारो जीव गेले आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची वेदनाही त्याच रचनेत होती. तरीही पुढे अनेक कुटुंबांनी पदरमोड करून त्या साचेबंद घरांना पडव्या जोडल्या, अंगणे आखली, झाडे लावली. स्वतःच्या हाताने काही घडवण्याची मुभा आणि रोज दिसणारा ओळखीचा चेहरा, यांना मी सोयींइतकेच, किंबहुना थोडे अधिक महत्त्व देईन.