क्रिएटिनिन १.२ वरून १.६ : हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा किडनी रिपोर्ट कसा वाचायचा? (मदत हवी आहे)

कोयनाकाठ

पेशंट पुरुष, ६८ वर्षं, पंपिंग ३० टक्के, मधुमेह नाही. अंगावर पाणी चढलं म्हणून ॲडमिट होते. पहिला आकडा ॲडमिट झाले त्या दिवशीचा, दुसरा डिस्चार्जनंतर दहाव्या दिवसाचा. लॅब एकच.

वजन : ७४ किलो / ६७.५ किलो
क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) : १.२ / १.६
युरिया : ३८ / ७८
पोटॅशियम : ४.४ / ५.३
हिमोग्लोबिन : ११.२ / १२.६
एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या ताणाची खूण) : ४२०० / १५००

औषधं : सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ५० दोनदा, मेटोप्रोलॉल ५०, स्पायरोनोलॅक्टोन २५, डापाग्लिफ्लोझिन १०, टॉरसेमाइड ४०. सूज उतरली, दम नाही. उठून उभं राहिलं की गरगरतं.

घरात 'किडनी गेली, गोळ्या बंद करा' सुरू झालंय. किडनी खरंच बिघडतेय का? दोष कोणत्या गोळीचा? पुढच्या दृष्टीने अर्थ काय? सिस्टॅटिन सी (किडनीची दुसरी रक्ततपासणी) करून घ्यावं का? डॉक्टरांची वेळ चार दिवसांनी आहे.

डावा_कप्पा

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका आणि चार दिवस थांबूही नका. पोटॅशियम ५.३ आणि गरगरणं, या दोन गोष्टी आजच फोन करून डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता आकडे. आपल्याकडच्या लॅब युरिया छापतात, परदेशी लेखांत बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, असतं. युरियाला २.१४ ने भागा : ७८ चे झाले ३६. त्याला क्रिएटिनिनने भागा : साधारण २३. ॲडमिट होताना हेच गुणोत्तर १५ होतं. २० च्या वर गेलं की पहिला संशय शरीरातलं पाणी कमी पडल्याचा. अशा वेळी व्हॅसोप्रेसिन (पाणी धरून ठेवणारं हार्मोन) वाढतं, किडनी पाण्यासोबत युरियाही परत शोषते. क्रिएटिनिन तसं परत शोषलं जात नाही, म्हणून युरिया त्याच्या पुढे पळतो. पोटात रक्तस्राव असेल तरी युरिया असाच चढतो, त्यामुळे शौच काळी होते का ते विचारून घ्या. इथे हिमोग्लोबिन उलट वाढलंय, म्हणजे रक्तातलं पाणी आटलंय. साडेसहा किलो उतरलं, एनटी-प्रोबीएनपी निम्म्याहून खाली आलं, उभं राहिल्यावर गरगरतं. सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय : पाणी गरजेपेक्षा थोडं जास्त काढलं गेलंय.

त्यामुळे पहिल्यांदा कमी करण्याचा विचार होतो तो टॉरसेमाइडचा, म्हणजे लघवीच्या गोळीचा. किती, ते तपासून डॉक्टर ठरवतील. प्रत्यक्षात बरेचदा उलट होतं : लघवीची गोळी तशीच राहते आणि आयुष्य वाढवणाऱ्या सॅक्युबिट्रिल, स्पायरोनोलॅक्टोनवर गदा येते. टॉरसेमाइड सूज उतरवते. आयुष्य वाढवल्याचा पुरावा मात्र त्या दुसऱ्या गोळ्यांचा आहे.

गाळणी

वरच्याशी सहमत. 'दोषी गोळी' हा शब्दच इथे फसवा आहे. व्हॅल्सार्टन किडनीच्या गाळण्यांतून बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं, डापाग्लिफ्लोझिन आत येणारी थोडी आवळतं. दोन्हींमुळे गाळणीतला दाब उतरतो, म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन चढतं. गाळणीला इजा झालीय असा त्याचा अर्थ नाही. दाब कमी राहिल्याने ती पुढे जास्त टिकते.

किती वाढ चालते? युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे व्हॅल्सार्टनच्या गटाच्या औषधांवर मूळच्या ५० टक्क्यांपर्यंत वाढ, किंवा क्रिएटिनिन ३, किंवा ईजीएफआर (किडनीचा गाळण्याचा अंदाजे वेग) २५, यांतली जी मर्यादा आधी येईल तोपर्यंत सोसायची. तुमची वाढ ३३ टक्के. २०२१ च्या सूत्राने ईजीएफआर ६६ वरून ४७ येतो, पण क्रिएटिनिन हलत असताना तो आकडा फार मनावर घेऊ नका. ते सूत्र स्थिर क्रिएटिनिनसाठी आहे.

पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर स्पायरोनोलॅक्टोन निम्मं करतात, ६ च्या वर बंद. ५.३ म्हणजे उंबरठ्याजवळ. त्याआधी या गोष्टी शोधा : 'लो-सोडियम' मीठ (त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं), रोजचं नारळपाणी, डायक्लोफेनॅक-आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, लघवीच्या संसर्गासाठी दिलेलं को-ट्रायमॉक्साझोल. शेवटचं तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन दोन्ही वाढवतं. सैंधवात पोटॅशियमचा प्रश्न नाही, पण ते सोडियमच, पथ्याचं मीठ नव्हे.

परीक्षानळी

लॅबच्या बाजूने. दंडाला पट्टा बराच वेळ घट्ट बांधला, मूठ उघडझाप करायला लावली किंवा नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढतं. रिपोर्टखाली 'हिमोलाइज्ड' असा शेरा आहे का बघा. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा, आदल्या रात्री मटण नको. शिजवलेल्या मांसातून क्रिएटिनिन येतं.

सिस्टॅटिन सी : क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. हार्ट फेल्युअरमध्ये स्नायू झडतात, मग क्रिएटिनिन १.० दिसूनही किडनी निम्मीच चालत असू शकते. अशा खंगलेल्या पेशंटमध्ये सिस्टॅटिन सी जास्त खरं बोलतं. पण स्टेरॉइड, थायरॉइडचा बिघाड, लठ्ठपणा आणि शरीरातला दाह यांमुळे तेही हलतं. आत्ता पाण्याचा हिशोब लागेपर्यंत त्यावर पैसे घालू नका. सगळं स्थिरावल्यावर एकदा करा.

सॅक्युबिट्रिल चालू असताना साधं बीएनपी पाठवू नका, ते औषधामुळेच वाढतं. एनटी-प्रोबीएनपी बरोबर केलंय.

कोयनाकाठ

आभार. पण नेटवर 'युरिया ४३ च्या वर म्हणजे मृत्यूचा धोका' असं वाचलं. इथे ७८ आहे.

डावा_कप्पा

तो ४३ बीयूएनचा आहे, युरियात ९२. हा आकडा हार्ट फेल्युअरने ॲडमिट झालेल्यांच्या अमेरिकेतल्या ॲडहिअर नोंदवहीतून २००५ मध्ये आला. ॲडमिट होतानाचं बीयूएन ४३ किंवा जास्त, वरचं बीपी ११५ च्या खाली आणि क्रिएटिनिन २.७५ किंवा जास्त, हे तिन्ही असलेल्यांत रुग्णालयातला मृत्युदर सुमारे २२ टक्के. बीयूएन कमी आणि बीपी बरं असलेल्यांत सुमारे २. म्हणजे तो मापदंड दाखल होतानाचा आहे, घरी आल्यावरच्या रिपोर्टला लावायचा नाही. तुमचं दाखल होतानाचं बीयूएन १८ होतं.

भविष्याबद्दल जास्त बोलकी गोष्ट वेगळी. इटलीतल्या २०१२ च्या एका अभ्यासात क्रिएटिनिनची ०.३ ची वाढ एकटी असेल तर फारसं वाईट दिसलं नाही. वाढ आणि अंगावर पाणी, दोन्ही घेऊन घरी गेलेल्यांचं मात्र वाईट झालं. क्रिएटिनिन चढतंय, पायही सुजलेत, मानेची शीर फुगलीय, वजन हटत नाही : ही जोडी आली तर खरी काळजी. तिथे लघवीची गोळी कमी करणं चूक ठरतं, कारण शिरांतला दाबच किडनी गुदमरवत असतो.

गाळणी

पूर्वीपासून ईजीएफआर ६० च्या खाली असणं आणि लघवीतून प्रथिन जाणं, या दोन्ही गोष्टी दूरच्या धोक्यासाठी महत्त्वाच्या. म्हणून सकाळच्या लघवीचं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर एकदा करा. ३० च्या खाली असेल तर चांगलं.

रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ झाली तर कळवा. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी फोन : डापाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन, टॉरसेमाइड तात्पुरती थांबवावी लागतात, आणि पुन्हा कधी सुरू करायची तेही तेव्हाच विचारून घ्या. थांबवलेली गोळी विसरली जाते, हा नेहमीचा घोळ.

कोयनाकाठ

मिठाच्या पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं सापडलं. बदललं. डॉक्टरांना फोन झाला, टॉरसेमाइड २० केलंय. रक्त परवा पुन्हा, त्याच लॅबमध्ये.