लेगोचं स्टॉप मोशन झटके घेतंय, मदत हवी आहे

रानवारा: भाच्याबरोबर लेगोची छोटी स्टॉप मोशन फिल्म करतेय, म्हणजे ठोकळ्यांचा माणूस थोडाथोडा हलवत फोटो काढायचे आणि ते सलग लावायचे. माणूस दारातून येतो, चालत गाडीपाशी जातो, गाडीत बसतो. एवढंच. पण लावून बघितलं की सगळं झटके घेत चालतं. फोटो भरपूर काढलेत, तरीही. रविवारी त्याचा वाढदिवस आहे, सगळ्यांना दाखवायचीय. प्लीज लवकर सांगा.

निशाचर: झटके म्हणजे नक्की काय? माणूस उड्या मारतो, अख्खं चित्र हलतं, की उजेड कमीजास्त होतो? तिन्हींचे उपाय वेगळे. सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे किती फोटो ठेवलेत?

रानवारा: तिन्ही होतंय. फ्रेम कुठे बघायच्या? मोबाइलवरच करतेय.

डोंबिवलीकर: मोबाइलचा नाद सोडा. सेकंडहँड डीएसएलआर कॅमेरा घ्या, लॅपटॉपवर ड्रॅगनफ्रेम हे स्टॉप मोशनचं सॉफ्टवेअर टाका. मी तेच वापरतो, फरक लगेच दिसतो.

निशाचर: अहो, रविवारपर्यंत? आणि घरच्या फिल्मसाठी? रानवारा, अ‍ॅप कोणतं? फोन कशावर ठेवलाय?

रानवारा: स्टॉप मोशन स्टुडिओ. फोन पुस्तकांना टेकवलाय. खिडकीजवळ करतो, उजेड छान येतो तिथे.

निशाचर: मग दोन कारणं इथेच सापडली. टेकवलेला फोन बोट लागलं की केसभर सरकतो आणि पडद्यावर अख्खं घर हलतं. क्लॅम्प किंवा ट्रायपॉडवर घट्ट बसवा आणि अ‍ॅपमधला टायमर लावा, म्हणजे फोनला हातच लागणार नाही. बेसप्लेट, म्हणजे ठोकळ्यांखालची पाटीही टेबलाला चिकटवा, ब्ल्यू टॅक (चिकट पुट्टी) पुरतो. खिडकीचं ऊन मिनिटागणिक बदलतं, म्हणून पडदे लावून टेबललॅम्पवर काम करा. फोकस, एक्स्पोजर (उजेड) आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटा) लॉक करा, नाहीतर फोन दर फोटोला स्वतःच रंग बदलतो.

मंजिरी_क: गडद रंगाचा शर्ट घाला दोघांनी. पांढऱ्या शर्टाचा उजेड ठोकळ्यांवर पडतो, तुम्ही वाकलात की दृश्य उजळतं. आणि एलईडी दिवा असेल तर शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवून बघा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

पाटीलबुवा: सिनेमा २४ फ्रेमचा असतो. २४ करा, आपोआप स्मूथ होईल.

निशाचर: नाही होणार. आहेत तेच फोटो १२ ऐवजी २४ ने लावले तर माणूस दुप्पट वेगाने पळेल. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्येही बऱ्याचदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. लेगोवाले बरेच जण १५ वर करतात. नवशिक्यांना १२ पुरे.

पाटीलबुवा: मग तो लेगोचा मोठा सिनेमा एवढा सफाईदार कसा?

मंजिरी_क: २०१४ चा ना? तो जवळजवळ सगळा संगणकावर केलाय.

डोंबिवलीकर: विषय निघालाच आहे तर, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी शंभरएक वर्षांपूर्वी आगकाड्या हलवून फिल्म केली होती. पोराला जरूर सांगा.

रानवारा: सांगेन नक्की. पण चालण्याचं काय? दर फोटोला एक बटण पुढे सरकवतोय.

निशाचर: हेच विचारणार होतो! दोन स्टडमधलं, म्हणजे बटणांमधलं अंतर ८ मिमी. १२ फ्रेमला एका सेकंदात ९.६ सेंमी झाले आणि माणूस जेमतेम ४ सेंमी उंच. म्हणजे तो सुसाट धावतोय. अर्धा स्टड सरकवा. मधोमध एकच बटण असलेली जंपर प्लेट मिळते, तिच्यावर पाय अर्ध्या अंतरावर बसतात. सुरुवातीला कणभर, मग हे अर्ध्या स्टडचं पाऊल, थांबताना पुन्हा कणभर. समान अंतराने सरकवलं की यंत्र चालल्यासारखं वाटतं. गाडीपाशी पोचल्यावर पाच-सहा फ्रेम नुसता उभा राहू दे, डोकं थोडं वळवा. ओनियन स्किन चालू ठेवा, मागचा फोटो पुसट दिसतो, म्हणजे किती सरकवलं ते कळतं.

गोड_शिरा: पार्श्वसंगीत लावताना कॉपीराइट बघा हं, यूट्यूबवर आवाज बंद करतात.

रानवारा: पडदे लावून, सगळं लॉक करून परत काढलं. लुकलुक गेली! चालतोही छान. पण गाडीत बसताना अडतंय, मध्ये हवेत कसा धरायचा?

निशाचर: धरूच नका. दाराला हात लावतोय असा जवळून एक शॉट घ्या, कट करा आणि पुढच्या शॉटमध्ये तो आत बसलेलाच दाखवा. मग गाडी कणाकणाने सुरू करा.