चर्चमधील अत्याचारग्रस्तांना आधार : खर्च कोणाचा आणि ताबा कोणाचा?

चर्चाप्रस्ताव (फोंडा)

गोव्यातील पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चच्या क्षेत्रात), चर्चच्या शाळेत, वसतिगृहात किंवा प्रार्थनागटात ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला, त्यांना त्यानंतर मिळणाऱ्या मदतीविषयी हा प्रस्ताव मांडत आहे. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी याबद्दल येथे कोणाचे दुमत नसावे. वाद आहे तो पुढच्या गोष्टींचा : समुपदेशन, उपचार, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात सोबत येणारे माणूस, आणि तुटलेल्या कुटुंबाला पुन्हा उभे करणे. हे कोणी करावे? माझे स्पष्ट मत असे आहे की खर्च चर्चने उचलावा, परंतु ही सेवा चर्चच्या ताब्यात असू नये.

खर्चाची जबाबदारी मी बाहेरून लादत नाही. पोप फ्रान्सिस यांनी ७ मे २०१९ रोजी काढलेल्या 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' या आदेशाने प्रत्येक धर्मप्रांताला (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाला) तक्रारीसाठी सर्वांना सहज पोहोचता येईल अशी कायमस्वरूपी व्यवस्था करण्यास सांगितले, आणि पीडितांचे ऐकून घेणे, त्यांना आध्यात्मिक, वैद्यकीय व मानसोपचाराची मदत देणे हे चर्चचे कर्तव्य ठरवले. मात्र ज्या बिशपांच्या हाती पाद्रीची नेमणूक आणि बदली असते, त्यांच्याच कार्यालयाने समुपदेशक नेमला, त्याला पगार दिला आणि नोंदी आपल्या कपाटात ठेवल्या, तर पीडित व्यक्ती मन मोकळे करील असे मला वाटत नाही. उद्या तिने नुकसानभरपाई मागितली, तर त्याच नोंदी समोरच्या वकिलाच्या हाती जाणार नाहीत याची हमी कोण देणार?

इंग्लंड आणि वेल्समध्ये अँग्लिकन व कॅथलिक चर्चांनी मिळून पैसे दिले आणि सप्टेंबर २०२० मध्ये 'सेफ स्पेसेस' ही सेवा सुरू झाली, पण ती चालवायला दिली गुन्ह्यांच्या बळींसाठी काम करणाऱ्या एका स्वतंत्र धर्मादाय संस्थेकडे. गोव्यात असे का होऊ नये? सेवेवर देखरेख करणारी समिती मात्र महिला व बाल विकास खात्याने निवडावी, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद (म्हापसा)

तुमची कळकळ खरी आहे, पण दिशा मला मान्य नाही. मुलांवरील अत्याचार मठांत, आश्रमांत, क्रीडा शिबिरांत, शिकवणीत आणि सर्वांत जास्त घरात किंवा ओळखीच्यांकडून होतात. अशा वेळी एकाच धर्माच्या संस्थेसाठी वेगळी सेवा काढणे म्हणजे त्या समाजावर शिक्का मारणे होय. आपल्यापैकी बहुतेक मराठी वाचक हिंदू आहेत. आपल्या देवस्थानांच्या महाजनांना, म्हणजे देवस्थान चालवणाऱ्या कुटुंबांना, आपण हा प्रश्न कधी विचारला नाही आणि शेजाऱ्याच्या दारात मात्र उभे राहिलो, हे शोभत नाही. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ या हेल्पलाइन आहेत, बाल न्यायालय आहे, पीडितांच्या मदतीसाठी व्हिक्टिम असिस्टन्स युनिट आहे. जे आहे ते नीट चालवा, इतकेच माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद (मडगाव)

मी मराठी माध्यमातून शिकलेला कॅथलिक आहे. म्हापशाच्या बाईंनी आमची बाजू घेतली याबद्दल आभार, परंतु त्यांचा मुद्दा मला पटत नाही. आमच्या चर्चच्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकतात, तेव्हा हा प्रश्न शेजाऱ्याचा राहत नाही, तो सगळ्यांचाच होतो.

तरीही प्रस्तावाशी माझा मूलभूत मतभेद आहे. सरकारी केंद्रातील समुपदेशिका कितीही कुशल असली, तरी ज्या हातांनी कम्युनियन (मिस्सा या प्रार्थनाविधीतील पवित्र प्रसाद) दिले त्याच हातांनी अत्याचार केला, तेव्हा माणसाचे काय कोसळते हे तिला समजेलच असे नाही. असा पीडित माणूस मिस्साला जाऊ शकत नाही आणि मिस्साविना राहूही शकत नाही. गावातील लग्न, मृत्यू, फेस्त, सगळे चर्चभोवती फिरते, आणि त्या आवारात पाऊल ठेवता येत नाही म्हणून तो नातेवाइकांपासूनही तुटतो. त्याला देव परत हवा असतो, आणि तो मानसोपचाराच्या खोलीत सापडत नाही. प्रशिक्षित धर्मभगिनी, अनुभवी प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली) दाम्पत्ये, असे पाद्री ज्यांचा आरोपीशी काही संबंध नाही, यांच्याकडूनच ही शुश्रूषा होऊ शकते. सर्व काही बाहेर नेले, तर चर्चला पैसे भरून मोकळे होण्याची वाट मिळेल, आणि नेमके तेच मला नको आहे.

प्रतिसाद (पणजी, वकील)

सेवा कोणीही चालवो, काही गोष्टी कायद्याने आधीच ठरवल्या आहेत. पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, आणि त्यात धर्मगुरूला वेगळी सूट दिलेली नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला, तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून अल्पवयीन मुलाच्या बाबतीत 'हे कोणालाही कळणार नाही' असे वचन देणारी सेवा स्वतःच गुन्ह्यात सापडेल. उलट पापनिवेदनाची, म्हणजे पाद्रीजवळ दिलेल्या पापाच्या कबुलीची, गुप्तता चर्चच्या कायद्याने अभंग मानली आहे. तेव्हा आधारसेवा आणि पापनिवेदन यांची गल्लत कुठल्याही परिस्थितीत होऊ देऊ नये.

म्हापशाच्या प्रतिसादाला उत्तर देताना हेही सांगितले पाहिजे की धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने त्या संस्थेतील बालकावर केलेला लैंगिक हल्ला पॉक्सो कायदा अधिक गंभीर मानतो. हा नियम सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. मुलासोबत राहणारी सहायक व्यक्ती नेमण्याची तरतूदही २०२० च्या नियमांत आहे, आणि ती नेमणूक बाल कल्याण समिती करते, चर्च नव्हे.

जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांचे काय, हा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला, गोव्याचा बालक कायदा २००३ चा. त्याआधीच्या घटनांना जुनी दंडसंहिताच लागू होते, जिच्यात मुलग्यांवरील अत्याचारासाठी कलम ३७७ (अनैसर्गिक संभोगाचे) सोडले तर फारसा आधार नव्हता. या लोकांना मुलांची हेल्पलाइन उपयोगी नाही, आणि अनेकांना खटलाही नको असतो. त्यांना हवी असते कबुली आणि उपचार.

प्रस्तावक (फोंडा)

वकीलसाहेबांनी सांगितलेला हा गट माझ्या प्रस्तावाच्या केंद्रस्थानी आहे. मडगावच्या मित्राने लिहिलेली आध्यात्मिक जखम मला बाहेरून जितकी कळू शकते तितकी कळते, आणि त्या शुश्रूषेला माझा विरोध नाही. पण तिच्यासाठी पहिले दार चर्चचे असू नये. आधी स्वतंत्र समुपदेशक, आणि पीडित व्यक्तीने स्वतःहून मागितले तरच धर्मभगिनी किंवा पाद्री, हा क्रम मी सोडणार नाही.

श्रद्धास्थानी असलेल्या माणसाबद्दल बोलणे गोव्यात किती कठीण जाते, हे मडगावच्या फ्रेडी पीट प्रकरणात १९९१ साली दिसले. ते प्रकरण चर्चच्या संस्थेतले नव्हते. पण अनाथांचा सांभाळ करणारा म्हणून त्याची ओळख होती, आणि त्याला १९९६ मध्ये जन्मठेप झाली. आपला २००३ चा बालक कायदा येण्यामागे ते प्रकरण होते.

प्रतिसाद (वास्को, समुपदेशिका)

काम करणारी माणसे कुठून आणायची, याकडे कोणीच वळले नाही. काणकोण किंवा सत्तरीतून बांबोळीच्या मानसोपचार संस्थेपर्यंत येणे हा एका दिवसाचा रोजगार बुडवणारा प्रवास आहे, आणि तिथे कोणी पाहिले तर काय, ही भीती वेगळीच. पर्वरीच्या 'संगथ' संस्थेने गोव्यातच, प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावर परिणामकारक उपचार होऊ शकतात हे चाचण्यांतून दाखवले आहे. लैंगिक अत्याचाराचा आघात हा वेगळा आणि अधिक नाजूक विषय आहे, त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षण लागेल. पण आरोग्य केंद्रात कोंकणी आणि मराठी बोलणारी माणसे बसवण्याचा मार्ग आपल्याकडे तयार आहे, आणि रक्तदाब तपासायला आलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही.

एक विनंती : आईवडिलांना विसरू नका. ज्या आईने मुलाला स्वतः वेदीसेवेला (मिस्सात पाद्रीला मदत करायला) पाठवले, तिची अवस्था कित्येकदा मुलाइतकीच बिकट असते.

प्रतिसाद (म्हापसा)

आरोग्य केंद्राची सूचना मला मान्य आहे, कारण ती कोणा एका धर्मासाठी नाही. पण खोट्या आरोपाची शक्यता कोणीच विचारात घेतलेली नाही. निर्दोष पाद्रीचे नाव एकदा गावभर झाले की निकालानेही ते धुतले जात नाही.

प्रतिसाद (पणजी, वकील)

जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला पॉक्सोच्या कलम २२ खाली शिक्षा आहे. शिवाय समुपदेशक न्यायनिवाडा करत नाही. समोरच्या माणसाला झोप लागत नाही, एवढे उपचार सुरू करण्यास पुरेसे आहे. आरोप खरा की खोटा हे न्यायालय पाहील.

प्रतिसाद (मडगाव)

आरोग्य केंद्रातील पहिले दार मी मान्य करतो. पण सेवेवरील देखरेख समितीत कॅथलिक प्रापंचिक असलेच पाहिजेत, आणि त्यांत किमान एक जण स्वतः अत्याचार सोसलेला असावा. त्यांची निवड कोणी करायची, यावर प्रस्तावकांशी माझे जमत नाही. त्यांना महिला व बाल विकास खाते हवे आहे. माझ्या मते निवड पीडितांच्या गटाने करावी, आणि असा गट गोव्यात उभा राहीपर्यंत पैसे वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवावेत, म्हणजे पुढच्या बिशपांना ते परत मागता येणार नाहीत.