मदत हवी आहे: पूर, दुष्काळ, भूकंप एकाच तक्त्यात कसे बसवायचे?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या एका पतसंस्थेत वसुली बघतो. शाखा भिलवडी, मिरज, जत आणि पलीकडे पाटणला. संचालकांचं फर्मान आलंय, प्रत्येक शाखेला आपत्तीच्या जोखमीचे दहापैकी गुण द्या. तीन दिवस एक्सेल उघडून बसलोय.

पुराचं सोपं वाटलं होतं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट पाणी म्हणजे इशारा, ४५ धोका, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. निळी-लाल पूररेषाही आहेच. पण भिलवडीच्या पेठेत आमचे दोन खातेदार शेजारीशेजारी. कापडवाल्याने गठ्ठे माडीवर चढवले नि सुटला. गिरणीवाल्याची मोटर खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर गेलो तर गडी चमच्याने मोटरीतला गाळ काढत बसलेला. पाणी दोघांकडे सारखंच आलं, मग गुणही सारखे?

जतला सगळं उलटं. पहिल्या वर्षी बोअर आटते, दुसऱ्या वर्षी जनावरं बाजारात जातात, तिसऱ्या वर्षी हप्ता थांबतो. (म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलंय त्या गावांचं चित्र निराळं, त्यामुळे अख्ख्या तालुक्याला एक आकडा देणं मला तरी पटत नाही.) पाटणला ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, आणि २०२१ च्या जुलैत आंबेघर-मीरगावच्या दरडी. भूकंप तेवढा मोठा पुन्हा झाला नाही म्हणून शून्य टाकू?

सगळ्यात अवघड मिरज. २००९ च्या गणेशोत्सवात दंगल झाली, संचारबंदी लागली. साहेब म्हणतात, वस्तीवार लिहा. तसं लिहिलं तर उद्या त्या वस्तीतल्या माणसाला कर्जच मिळणार नाही. काय करू?

— वसुलीवाला

वसुलीवाले, महसुलात नोकरी झाली माझी, म्हणून सांगतो. एकच आकडा देऊ नका. तीन खाने करा: संकट किती वेळा नि किती मोठं, त्याच्या वाटेत काय काय येतं, आणि माणसाला किती सोसतं. मग गुणाकार करा. बेरीज केलीत तर वाटेत काहीच नसलेल्या माळालाही गुण पडतील. तुमचा गिरणीवाला तिसऱ्या खान्यात वेगळा निघेल: माडी आहे का, विमा आहे का, दुसरी मिळकत आहे का. भूकंपाला पहिल्या खान्यात 'क्वचित पण मोठा' म्हणा, आणि मग घर मातीचं की आरसीसी ते बघा.

मिरजेत वस्ती नको, धंदा लिहा. बाजार बंद राहिला तर किती दिवस घर चालेल? हातगाडीवाल्याचे दोन, सराफाचे साठ. कुठल्याही गल्लीत हेच.

— वारणाकाठ

काका, 'किती दिवस' हा खाना आजच टाकला. गिरणीवाल्यालाही फोन केला. म्हणाला, नवी मोटर चार बोल्टांवर बसवलीय, छताला साखळी-कप्पी टांगलीय, दोघं असलो तर अर्ध्या तासात वर. त्याचे गुण कमी केले. जतचं अजून अडलंय, तिकडचं कुणी आहे का इथं?

— वसुलीवाला