सायकल मनासारखी नाही: सुधारावी की बदलावी? अनुभव सांगा

माझ्याकडे भावाने दिलेली एमटीबी (माउंटन बाइक) आहे. धडधाकट आहे, पण तिच्यावर मन बसत नाही. जड चालते, तळहातांना मुंग्या येतात. घरचे म्हणतात विकून हायब्रिड (सरळ हँडलची, रस्त्यावर हलकी चालणारी) घे; मला आधी आहे तिच्यातच काही करता येईल का ते पाहायचंय. तुम्ही काय बदललंत आणि काय बदलता आलं नाही, ते लिहा. किमतींपेक्षा कारणं सांगितलीत तर जास्त उपयोग होईल.

रानवारा, सातारा
आधी टायर. २६ x २.१ चे खडबडीत टायर काढून मी १.५ चे गुळगुळीत टाकले आणि हवा ६० पीएसआयच्या आसपास ठेवली (टायरच्या कडेला कमाल आकडा असतो, त्याच्या आत). डांबरावरची गुरगुर थांबली, सपाटीला सायकल सुटायला लागली. पसरणी घाटात पुढचा शॉक प्रत्येक पॅडलला खालीवर व्हायचा, म्हणून तो काढून साधा फोर्क (चाक धरणारा बिनशॉकचा चिमटा) लावणार होतो. मिस्त्रींनी थांबवलं. फोर्क उंचीला कमी पडला तर सायकल पुढून खाली बसते आणि हँडल फार चंचल होतं. जुळणारा मिळाला नाही, शॉक तसाच ठेवला. तरीही सायकल आता आवडते.

चाफेकळी, नाशिक
ताई, मुंग्यांचं कारण मापात आहे का ते बघा. माझी उंची पाच फूट दोन इंच, सायकल घरातलीच आणि फ्रेम १९ इंची. सीट खाली केली तरी हँडल लांबच, त्यामुळे सगळा भार मनगटांवर. १०० मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून ५० चा लावला, बराच आराम पडला. पुरेना म्हणून सीट पुढे सरकवली, तर गुडघे दुखायला लागले. सीट पुढे आली की पॅडलवर गुडघ्याची जागाच बदलते. हँडल जवळ आणायला सीट सरकवू नये, हे फिटिंगवाल्यांनी मग नीट समजावलं. सिग्नलला उतरून उभं राहिलं की दांडा लागायचा, तो तर कशानेच गेला नसता. फ्रेमचं माप बदलता येत नाही. ती विकली, १५ इंची घेतली. गिअर आधीच्यापेक्षा साधे आहेत, पण दोन्ही पाय टेकवून निवांत उभी राहते, आणि तेवढ्यानेच रोज बाहेर पडावंसं वाटतं.

लांबपल्ला, पुणे
२०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांत पुरी करायची असते. इतका वेळ सरळ हँडलवर हात एकाच जागी अवघडतात, म्हणून हायब्रिडला ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं) लावायचं मनात होतं. पण हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या) केबल जास्त ओढावी लागते आणि ड्रॉपचे नेहमीचे लिव्हर कमी ओढतात. ब्रेक धरतच नाही. गिअरचे शिफ्टरही बदलावे लागतात. शिवाय हायब्रिडची फ्रेम आधीच लांब, त्यात ड्रॉप आणखी पुढे जातो. एकेक भाग घेत गेलो असतो तर त्यात जुनी रोडबाइक आली असती. हँडलच्या टोकांना बार-एंड (धरायची छोटी शिंगं) लावले, पकड बदलता येते, काम झालं.

पवनचक्की, नेदरलँड्स
जुनी ओमाफिट्स (इथली साधी, सरळ बसायची सायकल), बिनगिअरची, उलटं पॅडल मारून ब्रेक. समोरून वारा असला की जीव नकोसा. गिअर हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) असणारं मागचं चाक बसवायला सायकलीहून जास्त खर्च येत होता. सरळ बदलली.

आंबोळी, सावंतवाडी
वडिलांची २८ इंची दांड्याची सायकल. पुढे ४४ दात, मागे १८. आमच्याकडे चढच चढ, म्हणून मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं आणि चेन थोडी वाढवली. आधी पॅडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच वेळा फिरायचं, आता दोनदा फिरतं. बाजारचा चढ बसून निघतो. पॅडलच्या दांड्यांच्या नव्या कॉटर पिना, नवे छर्रे, ग्रीस, एवढ्यावर कटकट आवाजही गेला. राहिला ब्रेक. स्टीलची रिम पावसात ओली झाली की रबर घसरतं, आणि आमचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रॉडचा ब्रेक रिमला आतून दाबतो, त्यामुळे केबलचे ब्रेक हवेत तर चाकंही नवी बांधावी लागतात. त्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची रिम मला मिळाली नाही. पावसाळ्यासाठी डिस्क ब्रेकची जुनी गिअरवाली घेतली. वडिलांची मी विकणार नाही.

ताई, फ्रेमचं माप बहुधा सीटखालच्या नळीवर असतं. ते आणि तुमची उंची लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.